हातावरची दहीसाखर

आई, आज सकाळी मी रक्त तपासायला मंचरला निघालो, तेव्हा तुझी नात चमच्यात दहीसाखर घेऊन दाराशी आली. "पप्पा, हात पुढं करा." मी हात मागं घेतला, उपाशीपोटी जायचंय म्हणालो. ती हसली. "एवढासा चमचा. त्याला काय खाणं म्हणतात का?" तूही हेच म्हणाली असतीस. दहीसाखर न घेताच मी गाडी काढली आणि आपलं गाव, अवसरी, मागं टाकलं.

साखर आता माझीही काठावर आली आहे. मागच्या आठवड्यात आहार सांगणाऱ्या बाईंनी माझं सगळं खाणं लिहून घेतलं. मी भीतभीत विचारलं, "दही बंद करू ना?" त्या म्हणाल्या, "कशाला? घरचं दही, ताक खा की. फक्त वरून साखर नको." त्यापुढचं मला काही ऐकू आलं नाही. बाजरीची कोरडी भाकरी पाण्याबरोबर गिळणारी तू दिसत राहिलीस.

तुझं रक्त तपासायला नेलं तो दिवस मी मनात पुन्हा पुन्हा काढून बघतो. तू सुईला घाबरतेस. "लई जाड असती रं ती," म्हणत उंबऱ्याशी बसून राहतेस. परीक्षेला निघताना तू मला द्यायचीस तशी मी तुझ्या तळव्यावर दहीसाखर ठेवतो. तू ती चाटतेस, हात पदराला पुसतेस आणि उठतेस. लॅबमधली मुलगी विचारते, "आजी, सकाळपासून काही खाल्लंय का?" "न्हाई गं बाय. पानीबी न्हाई." तू खोटं बोलत नाहीस. निघताना हातावर घेतलेलं आपल्याकडं खाण्यात धरतच नाहीत.

आकडा वाढलेला आला. डॉक्टरांनी विचारलं, खाण्यात काय बदललं? तुझ्याआधी मीच बोललो, "रोज दही खाते ती." जरा बेतानं घ्या, म्हणाले, आणि गोळी वाढवली. घरी येईपर्यंत मी त्या 'बेतानं'चं 'बंद' करून टाकलं. तू एवढंच म्हणालीस, "तू शिकलेला, तुझं खरं." पुढं रोज संध्याकाळी तू आमच्यासाठी विरजण लावायचीस आणि बोटाला लागलेलं दही धुऊन टाकायचीस. पूर्वी ते बोट चाटायचीस. त्याच महिन्यात कांद्याच्या वाफ्यात तुला दरदरून घाम सुटला, चक्कर आली. ऊन लागलं म्हणून मी तुला लिंबाच्या सावलीत बसवलं. वाढवलेल्या गोळीनं साखर उतरली असेल, हे माझ्या मनातही आलं नाही.

एका चमच्यानं आकडा किती हलतो, मला ठाऊक नाही. कदाचित फारसा नसेल. तू गेलीस ती बऱ्याच वर्षांनी, हृदयाच्या दुखण्यानं, हेही मला कळतं. आज लॅबमध्ये त्या चमच्याचं विचारता आलं असतं. सुई निघाल्यावर मी तोंड उघडलं आणि पिण्याचं पाणी कुठं आहे, एवढंच विचारलं. घरी येऊन वाटीभर दही साखरेशिवाय खाल्लं, ते निम्मंच गेलं.

हे लिहिलेले कागद तुझ्या जुन्या फाइलमध्ये ठेवून देतो. कुठं पाठवणार. तुझ्या तपासणीच्या वेळी दहीसाखर माझ्या ध्यानातच नव्हती, असं मी घरात सांगत आलो. तसं नव्हतं. लॅबमधल्या त्या मुलीनं तुला विचारलं तेव्हाच मला आठवलं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा रजा टाकावी लागली असती, म्हणून गप्प राहिलो. तुझ्या ओठाच्या कडेला साखरेचा एक कण चिकटलेला होता. तिनं मान वर करायच्या आत मी तो अंगठ्यानं पुसला.