मौनाच्या आठवड्यातली तक्रार

गुरुवार, २३ ऑक्टोबर
सकाळ सरता सरता

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा नमस्कार. वाकून केलाय असं समज. प्रत्यक्षात खुर्चीतूनच केलाय, कारण या खोलीत वाकायचं म्हटलं तर कोणाच्या तरी पोटात डोकं जाईल. वहिनींनाही नमस्कार सांग.

पत्रास कारण की, आमच्या कचेरीत घोर अन्याय झालेला आहे. माझा कप नेला. तोच, निळा, काठाचा टवका उडालेला. आरोग्यरक्षणार्थ (शब्द परिपत्रकाचा) सगळ्यांचे खाजगी कप भांडारात जमा झाले आणि कागदी पेले अवतरले. कागदी पेल्यात पहिल्या घोटाला चहा लागतो, दुसऱ्याला पुठ्ठा आणि तिसऱ्याला नुसता पश्चात्ताप. मी रीतसर तक्रार लिहिली. तीत पूर्वपक्ष होता, त्याचं खंडन होतं, शेवटी सिद्धान्तही होता. उत्तर आलं, "नोंद घेतली आहे." दुसऱ्यांची पानंच्या पानं छाटून मी पोट भरतो, आणि मलाच तीन शब्दांत वाटेला लावलं.

हे सगळं तू रविवारी फोनवर ऐकलंयस. तरी पुन्हा लिहितोय. का, ते सांगायचंय, पण जरा दम धर.

हाताने लिहितोय म्हणून हसू नकोस. माझा फोन दारावरच्या बाईंच्या कपाटात कुलपाआड आहे. व्याजदराचा निर्णय झाला की तो जाहीर होईपर्यंत, निवेदन ज्यांच्या हातून गेलं त्या आम्हां तिघाचौघांना या खोलीत बसवून ठेवतात. खिडकी आहे, ती उघडत नाही. घड्याळ आहे, ते सरकत नाही. कागदाला मात्र मज्जाव नाही. टपालाने निघालेलं पत्र पोचेपर्यंत त्यातली बातमी शिळी होऊन जाते, हे नियम करणाऱ्यांनाही ठाऊक आहे. म्हणजे तुझ्याशी खरं बोलायचं एकच कायदेशीर साधन सध्या उरलंय, ते म्हणजे टपालखात्याचा संथपणा.

बैठकीच्या आधीचा आठवडा आमचा मौनाचा असतो, हे तुला माहीतच आहे. व्याजदर, चलन, रोखे, यांबद्दल बाहेर चकार शब्द काढायचा नाही. बायकोशी नाही, मित्राशी नाही. आणि भाऊ परदेशात बसून निवृत्त खलाशांच्या पेन्शनचा निधी सांभाळत असेल, तर त्याच्याशी मुळीच नाही. तू तिथे काय करतोस हे मी बँकेला केव्हाच लिहून दिलंय. हवापाणी, प्रकृती, मुलंबाळं आणि किरकोळ कुरबुरी, एवढ्यावर बोलायची मुभा. थोरले साहेब दर खेपेला बजावतात, "नेहमीसारखे बोला. एकदम गप्प झालात तर लोक त्याचाही अर्थ लावतात."

मी नेहमीसारखा बोललो, दादा.

जरा वेगळं सांगतो. उन्हाळ्यात एकदा तुझ्या भावजयीने मला विचारलं होतं, "पाव टक्का व्याज वाढवायचं, त्यासाठी एवढी माणसं कडक कपडे घालून बसतात? पाव टक्क्याने होतं काय?"

तेव्हा मौन नव्हतं, म्हणून तिला खुर्च्यांवरून समजावलं. म्हटलं, समज आपल्याकडे घडीच्या खूप खुर्च्या आहेत आणि आपण त्या वर्षानुवर्षं लोकांना जवळजवळ फुकट देतोय. लोकांनी त्या नेल्या, पलीकडच्या गल्लीत भाड्याने लावल्या आणि मधला पैसा खिशात टाकला. आपण म्हणजे ही मध्यवर्ती बँक. खुर्च्या म्हणजे आमचं स्वस्त चलन. पलीकडची गल्ली म्हणजे परदेशी सरकारांचे रोखे, जिथे व्याज बरं मिळतं. आता आपण एवढंच म्हटलं, की खुर्चीमागे थोडं भाडं घेऊ. भाडं थोडंच असतं. पण सगळ्यांच्या मनात एकदम येतं की उद्या हे खुर्च्याच परत मागतील, आणि जो तो आजच परत करायला धावतो. परतफेडीला आमचं चलन लागतं, म्हणून ते घ्यायला झुंबड, म्हणून ते महाग. त्यासाठी रोखे विकायला झुंबड, म्हणून रोखे पडतात. पडले की ज्याने आपल्याकडून काही नेलेलं नाही तोही घाबरून विकतो. दार एकच, आणि सगळी गल्ली त्या दारात.

"आणि त्या खुर्च्यांवर बसलेल्यांचं काय?"

"त्यांना उठवतात."

"मग तसं लिहा की तुमच्या निवेदनात," ती म्हणाली आणि भाजी निवडायला लागली.

लिहिलेलं नाही. मी आज सकाळी ते निवेदन शेवटचं वाचलं, दोन विशेषणं काढली, एक क्रियापद सौम्य केलं. खुर्च्यांवर बसलेल्यांबद्दल त्यात काही नाही. आणि दादा, त्यातल्या पुष्कळ खुर्च्यांवर तुझे खलाशी बसलेत.

आता रविवार.

तूच फोन केलास. "काय शास्त्री, आवाज का बसलाय?"

"पुठ्ठ्यातून चहा पितोय," मी म्हटलं आणि कपाचं आख्यान लावलं. तू हसलास, हसता हसता खोकलास. मागून वहिनींचा आवाज आला, "हसा हळू. डॉक्टरांनी जिने बंद केलेत, हसणंही बंद करतील." मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. आठवडाभरात पहिल्यांदा.

मग तू म्हणालास, "तुला एक गंमत सांगू? मी तुला कधी कामाचं विचारलंय?"

"नाही."

"विचारायची वेळच येत नाही रे. तू कपाबद्दल, पंख्याबद्दल, लिफ्टबद्दल कुरकुरतोस ना, तेव्हा तिथे काही घडणार नसतं. मागे तुम्ही दर हलवलात, त्याच्या आधी तू मला प्राणायामावर प्रवचन झोडलं होतंस. तू, आणि प्राणायाम! मी दुसऱ्या दिवशी निम्मा पसारा आवरला. वाचलो."

तू आपल्याच नादात होतास.

"उद्या थोडं आवरतं घेणार होतो. आमच्या निधीच्या समितीवरच्या बाई मागे लागल्यात, उधारीचं चलन फार झालं म्हणतात. पण आता राहू दे. तुझा कप गेलाय, म्हणजे जग जागेवर आहे. मी निवांत."

दादा, त्या वेळी माझ्यासमोर काय होतं ते ऐक. आमच्याकडे रिवाज असा, की निवेदनाचे दोन खर्डे करायचे, एक दर हलवल्याचा, एक न हलवल्याचा. म्हणजे टंकणाऱ्यालाही कळू नये. या खेपेला थोरल्या साहेबांनी एकच खर्डा तीनतीनदा माझ्याकडून घासूनपुसून घेतला. दुसरा त्यांनी वाचलाही नव्हता. मला कोणी काही सांगितलं नव्हतं, पण मला कळलं होतं. तुझं आणि माझं शिक्षण एकाच घरातलं. बोललेल्यापेक्षा वगळलेलं वाचायची सवय दोघांनाही.

आणि तू म्हणत होतास, मी निवांत.

गप्प झालो असतो तर तू ओळखलं असतंस. विषय बदलून तुझ्या प्रकृतीवर आलो असतो तरी ओळखलं असतंस. नुसतं "दादा" म्हटलं असतं तरीसुद्धा. लहानपणी श्लोक विसरलो की मी आधी खाकरायचो, आणि बाबांच्या आधी ते तुला कळायचं. तू टेबलाखालून पाय मारून पुढचा शब्द पुटपुटायचास. मला माहीत होतं, माझं एक खाकरणं पुरे आहे.

मी खाकरलो नाही. मी कपाबद्दल बोलत राहिलो. टवका कसा उडाला ते सांगितलं. भांडारवाल्याची नक्कल केली. अगदी रंगवून सांगितलं, कारण आता तू काय ऐकतोयस ते मला माहीत होतं. तू हसत हसत फोन ठेवलास, आणि मी नियमाचं अक्षरन् अक्षर पाळलेलं होतं.

म्हणशील, एक शब्द टाकला असतास तर काय बिघडलं असतं? त्या एका शब्दापायी माणसं तुरुंगात गेली आहेत, पण मी त्याला भ्यालो असं म्हणणं सोयीचं होईल. तुझ्या खलाशांना आधी उठवायचं आणि बाकीच्या निधींतल्या म्हाताऱ्यांना चेंगरू द्यायचं, हे मला पटेना. आता हे वाक्य लिहून झाल्यावर मलाच फार देखणं वाटतंय, तेव्हा त्याच्यावर फारसा विश्वास ठेवू नकोस. त्या क्षणी माझ्या डोक्यात एवढंच होतं, की आवाज हलता कामा नये.

सोमवारपासून मला जेवण जात नाही. तुझ्या भावजयीला वाटतंय, कपाचं मनाला लावून घेतलं. काल तिने बाजारातून नवा कप आणला. मी तिला छान आहे म्हटलं.

आत्ता मध्येच दारावरच्या बाई आत आल्या. हातात माझा कप. तोच, निळा, टवक्यासकट, वाफाळत्या चहाने भरलेला.

"घ्या साहेब. भांडारातल्या खोक्यात अगदी तळाशी होता. तुमचा अर्ज वाचून वरचे साहेब पोट धरून हसले म्हणे. म्हणाले, देऊन टाका त्यांचा त्यांना. आता तरी हसाल?"

हसलो. त्या गेल्या. चहा निवत चाललाय. आता कुरकुरायलाही काही उरलं नाही.

बाहेर बोलावताहेत. वेळ झाली.

*

पुढचं इमारतीसमोरच्या बाकावर बसून लिहितोय. अक्षर वाकडं आलं तर गुडघ्यावर कागद आहे म्हणून, असं समज.

जाहीर झालं. पाव टक्का. निवेदन वाचून संपायच्या आत दालनातल्या पडद्यावर आमचं चलन वर निघालं. मग इतरांचे रोखे खाली यायला लागले. आधी दूरच्या देशांचे, मग जवळच्यांचे, मग ज्यांचा आमच्याशी काडीचा संबंध नाही त्यांचे. तुझ्या देशाचं चलन जिना उतरावं तसं उतरत नव्हतं, जिन्यावरून पडावं तसं येत होतं. दुसऱ्या एका देशाच्या मध्यवर्ती बँकेने घाईघाईने सांगितलं की आम्ही लक्ष ठेवून आहोत. त्यावर ते आणखी पडलं. आमच्याकडचे तरुण अर्थशास्त्री पडद्याला नाक लावून उभे होते. एका बातमीदाराने निवेदनाची भाषा नेमकी आहे म्हणून वाखाणली. थोरल्या साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला तो हात फार जड लागला.

मी बाईंकडून फोन घेतला. तुझा फोन आलेला असेल, तू शिव्या घातल्या असशील, म्हणाला असशील, शास्त्री, तुझ्या कपाला आग लागो. ते ऐकायची मी तयारी केली होती. खरं सांगायचं तर वाट बघत होतो.

तुझा फोन नव्हता. वहिनींचा एक येऊन गेलाय. मी उचलला नाही, कपाटात होता.

वहिनी मला कधी फोन करत नाहीत, दादा. वाढदिवसालासुद्धा तू बोलतोस आणि त्या मागून ओरडतात, माझेही आशीर्वाद सांगा.

तुझा फोन बंद आहे. त्यांचा लावतोय तर सारखा व्यग्र. त्या कोणाशी बोलत असतील? तुझ्या धाकट्या मुलाशी असेल, तुमच्या नवीन फ्लॅटच्या गळतीबद्दल प्लंबरशी असेल, बहिणीशी असेल. त्या बहिणीशी लांबलचक बोलतात. मघापासून मी त्यांच्या सगळ्या ओळखीपाळखी आठवतोय. आणि प्रत्येक वेळी मध्येच डॉक्टर येतात.

फोन पुन्हा लागेपर्यंत हात रिकामा राहू नये म्हणून लिहितोय. बाईंनी सांगितलंय, पाकीट द्या, मी पेटीत टाकते. देईन. टाकायला देताना, ते तुझ्या हातात पडेल असं धरून चालायचंय.

सकाळी मी ठरवलं होतं की शेवटी लिहायचं, मला तुझ्या निधीची काळजी वाटते, त्या खलाशांची वाटते, तुझ्या नोकरीची वाटते. ती वाटतेच. पण एवढा वेळ मी ज्याच्याभोवती घिरट्या घालतोय ते हे नाही. मार्चमध्ये तुझ्या छातीत दोन स्टेंट बसवले. तेव्हा मी तिथे आलो होतो, आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, यांना अचानक धक्का बसेल असं काही कळू देऊ नका. मी मान डोलावली होती. दादा, तो धक्का मी आज सकाळी शुद्ध करून दिला, आणि त्याच्या आधी रविवारी तुला निवांत करून ठेवलं.

निधीचं काय झालं ते मला सांगू नकोस. माझ्याशी जन्मभर बोलू नकोस हवं तर. हे पत्र तू स्वतः फोडून वाचशील की नाही, याची मला भीती वाटते आहे. दुसरी कसलीच नाही.

वहिनींचा फोन अजून व्यग्र आहे. लावतोच आहे.

तुझा धाकटा