आबांची उसनी इंग्रजी

प्रिय टिचकी,

फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून गप्प बसतेस, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. आधी सांगून टाकते, आबांची तब्येत बरी आहे. उजवा पाय अजून ओढत चालतात, पण कुणाला हात धरू देत नाहीत. बोलणं मात्र झटका आल्यापासून तसंच अडकलंय. समजतं सगळं, पण शब्द ओठांपर्यंत येता येता वाटेत कुठेतरी हरवतो. जन्मभर स्टेशनावर गाड्यांच्या घोषणा करणारा माणूस गं हा. लहानपणी ‘शिप’ आणि ‘शीप’ वेगवेगळं म्हणून दाखवल्याशिवाय तुझ्या बाबाला आणि मला त्यांनी ताटावर बसू दिलं नाही. आता पाणी हवं असलं की ग्लास टेबलावर आपटतात.

आणि जे चार शब्द परत आले, ते नेमके तुझे. झटक्याच्या आधी सुट्टीत आली होतीस तेव्हा त्यांच्या पलंगावर मांडी ठोकून काय काय शिकवत होतीस, आणि दोघं खिदळत होतात. मला वाटलं, चला, म्हाताऱ्याचा वेळ जातोय. निस्तरतेय मात्र मी. बोलायला शिकवणाऱ्या बाईंना आपली भाषा येत नाही, त्यामुळे त्यांची चित्रं, त्यांचा सराव, सगळं इंग्रजीत. परवा बाई त्यांना म्हणाल्या, तुमची छान प्रगती होतेय. आबांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं आणि म्हणाले, ‘कॅप’. बाई खूश. मी धावत जाऊन खुंटीवरची टोपी आणली आणि त्यांच्या डोक्यावर घातली. त्यांनी ती काढून फेकली आणि पुन्हा, ‘कॅप’. मी पुन्हा घातली. असं किती वेळ चाललं असेल, विचारू नकोस. शेवटी ते इतके चिडले की बाईंना सराव गुंडाळावा लागला.

नंतर दवाखान्यातली तपासणी. तिथल्या नर्सनं मायेनं सूप भरवलं आणि कसं झालंय म्हणून विचारलं. आबा म्हणाले, ‘मिड’. तिला ऐकू आलं ‘मॅड’. तिचा चेहराच पडला बिचारीचा. मी माफी मागतेय, आबा मान हलवून तेच तेच म्हणतायत, आणि शेजारच्या खाटेवरचा माणूस हसतोय. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आमच्या चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसणारी पोरगी तुझ्याच वयाची. तिला विचारलं तर ती हसून लोळायचीच बाकी राहिली. म्हणे, कॅप म्हणजे थाप, आणि मिड म्हणजे जेमतेम, ठीकठाक. म्हणजे आबांचं दोन्ही वेळा खरंच होतं. प्रगती नव्हतीच, आणि ते सूप मीही चाखलंय. पण मला आधी कोण सांगणार? बाईंच्या अहवालात आणि दवाखान्याच्या कागदांत, दोन्हीकडे ‘चूक’ लिहून झालंय. तुमच्या पिढीला सरळ शब्द सरळ अर्थानं वापरायला काय धाड भरलीय?

असो. बुधवारी बाई पुन्हा आल्या. सारख्या वाटणाऱ्या शब्दांचा सराव होता. दारात बॅग घेऊन उभ्या असलेल्या मुलीचं चित्र समोर ठेवलं. शब्द होता ‘गेस्ट’. आबा त्या चित्राकडे खूप वेळ बघत बसले आणि म्हणाले, ‘घोस्ट’. बाईंनी सावकाश म्हणून दाखवलं, गेस्ट. ते म्हणाले, ‘घोस्ट’. मीही मध्ये पडले, आबा, भूत नाही हो, पाहुणी. त्यावर त्यांनी मला हातानंच बाजूला केलं. मग त्यांनी खिशातून आपला फोन काढला, डाव्या हातानं चाचपडत तुझे मेसेज उघडले, वर तुझा फोटो, खाली त्यांनी तुला पाठवलेली फुलं, अंगठे, हसरे चेहरे, एकालाही उत्तर नाही. फोन त्या चित्रावर ठेवला आणि अगदी हळू म्हणाले, ‘घोस्ट’. बाईंनी पुन्हा चूक लिहिलं. मी दुसऱ्या दिवशी दुकानात त्या पोरीला विचारलं. ती सहज म्हणाली, काही न सांगता एकदम गायब होतात ना, उत्तरच देत नाहीत, ते. मी मागे जाऊन चष्म्याच्या काचा पुसत बसले.

म्हणून हे पत्र. तू का गेलीस ते मला माहीत आहे. झटक्यानंतर तू त्यांना बघायला आलीस, त्या संध्याकाळी बाईंनी तुझ्याकडे बोट दाखवून, ही कोण, असं विचारलं आणि आबांच्या तोंडून तुझं नाव निघालं नाही. तू हसलीस, आणि सकाळच्या गाडीनं निघून गेलीस. मला वैताग त्याचा नाही. तू समजून बसलीस की ते तुला विसरले, याचा आहे. नाव अजूनही येत नाही त्यांना, खोटं कशाला सांगू. पण त्या चित्रातल्या मुलीत त्यांना तूच दिसलीस, आणि तुझ्यासाठी नेमका शब्दही त्यांनी शोधला. आम्ही सगळे मिळून रोज त्यांचे बरोबर शब्द चूक ठरवतोय. हा एक शब्द तेवढा तू येऊन चूक ठरव.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
आत्या