मी वाचून दाखवलेले संवाद

१४ ऑगस्ट, रविवार दुपार

प्रिय बारके,

खूप आशीर्वाद. आई बरी आहे, म्हणजे गुडघे दुखतात आणि तोंड चालू आहे. मी दिवसभर क्लिनिकमध्ये लोकांचे सांधे हलवते आणि घरी येऊन स्वतःची पाठ धरून बसते. पत्र घरी न पाठवता तुझ्या लायब्ररीत पाठवतेय. का, ते पुढे कळेलच.

गेल्या आठवड्यात तापाने घरी पडून होते, म्हणून आपली ती कोरियन मालिका पुन्हा बघितली. सोळाच्या सोळा भाग. अगं, काय भिकार आहे! तू तेरा वर्षांची, मी सोळा, एका पांघरुणात शिरून आपण ज्याच्यासाठी रडलो तो हिरो म्हणजे बापाच्या पैशावर माजलेला ठोंब्या. कपाळावर केसांचं छप्पर आणि चेहऱ्यावर कायम पोट बिघडल्याचा भाव. नायिका सपाट फरशीवर तीनदा पडते, तीही दर वेळी याच्याच अंगावर. माझ्याकडे आली असती तर तोल जातो म्हणून आधी कान तपासून घ्यायला पाठवलं असतं.

तीन भाग मनसोक्त हसले. चौथ्यात तो तिचं मनगट धरून तिला जिन्यावरून खेचत नेतो. ते आपण कितीदा मागे नेऊन बघायचो, आठवतं? आता रोज लोकांची मनगटं माझ्या हातात असतात. तसं खेचलं की चार बोटांचे वळ उठतात आणि आठवडाभर त्या हाताने कप उचलवत नाही.

मागच्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर तू डाव्या हाताने चहा पीत होतीस. एवढ्या उकाड्यात पूर्ण बाह्या. विचारलं तर म्हणालीस, दारात हात अडकला. मी हसले आणि आईच्या गुडघ्यांचा विषय काढला. त्या हसण्याची मला शिसारी येते.

आता खरं सांगते. तेव्हा तुला पडद्यावर खाली येणारी इंग्रजी अक्षरं भरभर वाचता यायची नाहीत, म्हणून मी मराठीत वाचून दाखवायचे. बारके, मी खोटं वाचायचे. तो इतकं घाण बोलायचा की खरं वाचलं असतं तर तुझं तोंड उतरलं असतं, आणि मला तर तो हिरोच हवा होता. तो म्हणायचा, "तोंड बंद कर, गाडीत बस." मी वाचायचे, "दमली आहेस, मी सोडतो." शेवटच्या भागात ती बॅग घेऊन निघते, तेव्हा मी वाचलं होतं, "तुझ्याशिवाय मला राहवणार नाही." तू हमसून हमसून रडलीस आणि ते वहीत लिहून ठेवलंस. प्रत्यक्षात तो म्हणतो, "जाऊन तर दाखव."

मी ते पार विसरले होते. तुझा नवरा पहिल्यांदा घरी आला, कुणाशी धड बोलला नाही, तेव्हा तुझ्या कानात "अगदी आपला हिरो" म्हणणारी मीच. आणि लग्नानंतर एकदा फोनवर तू काय सांगितलंस? "चिडला की म्हणतो, जाऊन तर दाखव. पण ताई, त्याला म्हणायचं असतं की माझ्याशिवाय राहवत नाही."

हे तुला मी शिकवलं.

फोनवर यातलं काही लिहू नकोस, तुझे मेसेज तुझ्याआधी तो वाचतो. लायब्ररीतल्या फोनवरून फोन कर. मागची खोली रिकामी केली आहे. आईला सगळं सांगितलं. ती रडली, मग उठून तुझ्या पलंगावरची चादर बदलली. तू म्हणशील त्या दिवशी घ्यायला येईन. नाही म्हणालीस तर येणार नाही. तुला ओढून नेणारं आणखी एक माणूस नको.

फक्त, त्याला काय म्हणायचं असतं ते आता शोधत बसू नकोस. तो बोलतो तेवढंच त्याच्या मनात असतं.

बारके, जाऊन दाखव.

तुला खोटं वाचून दाखवणारी,
तुझी ताई