बाबांची बेसलाइन

२ मार्च, सकाळी ७.४०
काल बाबा हॉस्पिटलमधून घरी आले. न्यूमोनिया बरा झाला, पण बारा दिवस पडून राहिल्यामुळे पायांतलं बळ गेलंय. वय एकोणऐंशी. त्यांचं मागणं एकच: बाथरूमला जायला कोणाला हाक मारावी लागू नये. ते मी पुरं करणार. वीस वर्षं लठ्ठपणा आणि स्नायूंवर संशोधन करतोय, ते काय उगाच?

फिजिओथेरपिस्ट बाई एक कागद देऊन गेल्या. खुर्चीतून दहा वेळा उठायचं-बसायचं, दिवसातून तीनदा, आजपासून. बस्स! ना आकडा, ना आलेख. बाईंना वाईट वाटू नये म्हणून कागद फ्रीजवर लावला.

३ मार्च
माझी योजना तयार. आधी बेसलाइन. म्हणजे व्यायाम सुरू करण्यापूर्वी माणूस मुळात कसा आहे, ते सात दिवस रोज मोजायचं. नाहीतर सुधारणा झाली तरी ती कशामुळे झाली हे कळणार कसं? बायको म्हणाली, झाली म्हणजे झालं, कळून काय करायचंय? तिला विज्ञान समजावण्याच्या फंदात मी पडत नाही.

अर्ध्या मिनिटात बाबा खुर्चीतून सहा वेळा उठले. त्यांना बजावलं, मोजणी सोडून एरवी उठबस करायची नाही, आकडे बिघडतील. त्यांनी मान डोलावली. तोवर बाथरूमला बायको हात धरून नेईल.

५ मार्च
काल मोजायचं राहिलं. लॅबमध्ये वजनकाटा बिघडला. जाड उंदीर आणि बारीक उंदीर, दोघांचं वजन सारखंच दाखवत होता. एक दिवस गळला म्हणजे सगळं बाद. आज पुन्हा पहिला दिवस. शिस्त म्हणजे शिस्त.
आकडा: सहा. सहाव्याला हात टेकले, पण धरला.
उद्यापासून मीही चौथ्या मजल्यावर जिन्याने जाणार. पोट जरा जास्तच पुढे चाललंय.

६ मार्च
लिफ्टने गेलो. हातात उंदरांच्या खाद्याची पिशवी होती. बाबांचा आकडा: पाच.

८ मार्च
चार. बाबांनी विचारलं, व्यायाम कधी सुरू करायचा? म्हटलं, विज्ञानात घाई चालत नाही. ते म्हणाले, तुला कळतं बाबा त्यातलं. ऐकून फार बरं वाटलं. लॅबमध्ये असं कोणी म्हणत नाही.

९ मार्च
फिजिओथेरपिस्ट बाई आल्या. फ्रीजवर कागद पाहून खूश झाल्या. मग बाबांच्या मांड्या चाचपल्या, पुन्हा एकदा चाचपल्या. मी आलेख दाखवला. म्हणाल्या, अहो, ही रेष खाली चाललीय. म्हटलं, हो ना, आणि किती सरळ! उंदरांकडून अशी रेष मिळवायला मला दीड वर्ष लागलं होतं. त्या चहा न घेताच गेल्या. कामाची गडबड असावी.

११ मार्च
बेसलाइन पूर्ण! आकडा: तीन.
पण दुपारी परिषदेला निघायचंय, तीन दिवस. माझं भाषण आहे: आजारी वृद्धांना पहिल्याच दिवसापासून उठवा. माझ्या मागे व्यायाम सुरू केला तर पद्धत एकसारखी राहणार नाही, म्हणून आल्यावर. बायकोच्या हातात स्टॉपवॉच द्यायला गेलो. तिने हात पुढे केलाच नाही.

१४ मार्च
भाषण झकास झालं. न उठवलेल्या वृद्धाचं काय होतं ते दाखवायला बाबांचाच आलेख लावला, नाव न घालता. सभागृह हळहळलं. कोणीतरी विचारलं, घरच्या घरी हे जमतं का? मी म्हणालो, सहज.

१५ मार्च, सकाळी ८
शुभारंभ. नवी वही, स्टॉपवॉच, प्रोटीनचा डबा, सगळं मांडलं. बाबांना म्हटलं, चला, उठा. त्यांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला, पुढे वाकले. मी अर्धं मिनिट मोजलं. मग आणखी अर्धं. ते तसेच वाकलेले.

त्याच दिवशी, ११.३०
त्यांच्या काखेत हात घालून उचलायला गेलो. वजन एकोणपन्नास किलो, मीच नोंदवलंय. मला धाप लागली आणि कंबर धरली. बायको धावत आली, मग दोघांनी मिळून उठवलं.

बायको रागावलेली नव्हती, त्याची जास्त भीती वाटली. म्हणाली, तुम्ही गावाला गेलात तेव्हा मी रोज म्हणत होते, बाबा, दोनचारदा तरी उठा. त्यांनी ऐकलं नाही. म्हणाले, आपला पोरगा यातला जाणकार आहे, त्याचं काम बिघडायला नको.

मला स्वतःची भयंकर लाज वाटली. 

बाबांना धरून बाथरूमपर्यंत नेलं. दारात थांबून त्यांनी विचारलं, आज शून्य आलं, तुझी रेष बिघडली नाही ना रे?
नाही म्हणालो. ते खरंच आहे, शून्य रेषेवर बरोबर बसतं.
ते म्हणाले, मग झालं तर. मी बाहेर थांबून दार ओढून घेत होतो. हळूच म्हणाले, दार राहू दे, तू आत ये.