गोदीतल्या यारीचा नमुना

महाड, ३ डिसेंबर १९३१
धोंडूच्या सगुणावहिनी बाजाराला आल्या होत्या. धोंडू जाऊन वर्ष झालं. मुंबईच्या गोदीत मी यारीवर, म्हणजे माल उचलायच्या क्रेनवर, तो खाली गाठींना आकडा लावायला. कापसाची गाठ मीच उतरवली, तो तिच्याखाली सापडला. चौकशीत मी सांगितलं, केबिनचा खांब आड आला, माणूस दिसला नाही. चूक त्याची ठरली.
वहिनी म्हणाल्या, "भावोजी, यारी म्हंजे काय वो? मी मुंबय पायली नाय. मालक कशाखाली गेले ते डोळ्यांनी बघायचं हाय."
नमुना करून दाखवतो म्हणालो. तेव्हापासून चैन नाही.

७ डिसें.
फुटाला इंच धरला तर नमुना पाच फूट उंच. वहिनींच्या वाडीला, डोंगरावर न्यायचा कसा? पाव इंच धरला तर धोंडू दीड इंचाचासुद्धा नाही. शेवटी अर्धा इंच. यारी अडीच फूट, माणूस पावणेतीन इंच.

१५ डिसें.
सागवान घेतलं. सोंडेला मोडक्या छत्रीच्या काड्या. केबिनही लाकडाचीच. धक्क्यावर चिंधीची बाहुली उभी केली, जिथं तो होता तिथंच. केबिनीच्या खिडकीला डोळा लावला. खांब आड. बाहुली दिसत नाही.
हायसं वाटलं. जेवण मात्र गेलं नाही.

१६ डिसें.
गुडघ्यासाठी सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात बसलो होतो. तिथंच आठवलं. खरा खांब तीन इंच, लोखंडी. मी त्याला पंचा बांधायचो. अर्ध्या इंचाच्या मापानं तो एक सूत, इंचाचा आठवा भाग, भरतो. माझा तीन सूत. सागवान एक सुताला टिकत नाही, मोडतं. म्हणून जाड ठेवला.
म्हणून?

२२ डिसें.
कंदील डागणाऱ्या हुसेनभाईंकडे गेलो. म्हणाले, "लाकडात नाय व्हायचं. रॉकेलच्या डब्याचा पत्रा घ्या." समोर बसून एक सुताचे खांब कापले, डाग दिला. दुसरी केबिन तयार. डोळा लावला नाही.

२९ डिसें.
दोन्ही केबिनी फळीवर. सौ. ने विचारलं, "खरी कोणती?"
"पत्र्याची."
"मग लाकडाची कशाला ठेवलीत?"
सबंध दिवस घर-अंगण-घर.

पोलादपूरच्या वर, वहिनींची वाडी, ५ जाने. १९३२
सकाळच्या मोटारीनं आलो, पुढं पायी. ओटीवर यारी जोडली. पत्र्याची केबिन बसवली. बसवताना दोनदा निसटली. गाठ कशी चढते, कशी उतरते ते दाखवलं. वहिनींनी बाहुलीच्या डोक्यावरून बोट फिरवलं.
"तुमी कुठनं बघायचात?"
खिडकी दाखवली. त्यांनी वाकून डोळा लावला. बराच वेळ काढला नाही.
"हितनं तर मालक दिसतात की."
मी हो म्हणालो.
"मग तवा कुठं बघत होतात?"
खरं ते सांगितलं. बंदरात मोठी बोट शिरत होती, पांढरी. ती बघत होतो.
वहिनी आत गेल्या. भाकऱ्या थापल्याचा आवाज येतो आहे. मला वाढणार आहेत की उठा म्हणणार, कळत नाही. परतीची मोटार आता मिळायची नाही. ओटीवरच बसून आहे.