आले की निघाले

सालामांका,
३ सप्टेंबर १९९६

चि. नोएमी हिस,
एउतिमिओ आजोबांचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला महिना लावला, राग मानू नकोस. माझी शाळा चौथीपर्यंतची. एक पत्र लिहायचं तर दोन कागद फुकट जातात. शिवाय विद्यापीठात शिकणाऱ्या मुलीला काय लिहावं याची धास्ती.

तू आमच्याकडेच राहायचं. तुझे आजोबा खाणीत काम करायला बेल्जियमला गेले, तेव्हापासून तुझी आत्याआजी विसी म्हणते आहे, की भावाच्या घरातलं कोणीतरी आपली स्पॅनिश भाषा शिकायला परत यावं. खोली रंगवून घेतली आहे. खिडकीतून वारा येतो, तिथे फटीत कापूस कोंबला आहे. टेबलाखालच्या शेगडीवर मोजे वाळत घालू नकोस, पलीकडचं घर तसंच पेटलं होतं. जिना निसरडा आहे. परीक्षेला उपाशीपोटी जायचं नाही. विसी म्हणते, पोरगी शिकायला येते आहे, लढाईवर नाही, आता आवर.

तिच्या कानात यंत्र असतं, ते ती केसांखाली लपवते. त्याबद्दल काही बोलू नकोस. यंत्र असलं की तिला सगळं ऐकू येतं, नको ते आधी.

लोभ आम्ही आधीच धरला आहे, तू येऊन तो वाढव.

तुझा,
एउतिमिओ आजोबा


लिएज,
९ फेब्रुवारी १९९७

ती. एउतिमिओ आजोबांस,
नोएमीचा सा. न. वि. वि.

आत्याआजीच्या दफनानंतर तुमच्याशी धड न बोलता निघून आले, माफ करा. घरी सुखरूप पोचले.

पहिले दोन महिने मला बेकरीत पाव मागायचीही लाज वाटायची. वर्गात सगळे भराभर बोलायचे आणि मी हसून मान हलवायचे. मला बोलतं केलं ते आत्याआजीने. तुम्हाला आठवत असेल, तिने हाक मारली की मी 'मे वोय' म्हणायचे. तुमच्याकडे हाकेला नुसतं 'वोय' म्हणायचं, म्हणजे आले. आधी 'मे' लागला की अर्थ होतो, निघाले. ती दर वेळी म्हणायची, जा बाई, पण जेवून जा. रोज माझी तीच चूक आणि रोज तिचं तेच उत्तर. पुढे पुढे मी मुद्दामच चुकत होते की काय, कोण जाणे.

सोळा जानेवारीला तुम्ही बाहेर गेला होता. सकाळी अकरा वाजता माझा पेपर होता. तिने स्वयंपाकघरातून हाक मारली, मी 'मे वोय' म्हटलं आणि क्रियापदांचा तक्ता पुरा करत बसले. जेवून जा, असं काही आलं नाही. मी तेव्हाच उठायला हवं होतं. दुसऱ्या हाकेलाही मी जागेवरूनच तेच ओरडले. मग स्टूल पडल्याचा आवाज आला.

पेपरचा दिवस, म्हणून या वेळी तिला ते खरं वाटलं असणार. पोरगी निघाली असं समजून वरचा मसुराचा डबा काढायला ती स्वतःच स्टुलावर चढली. डॉक्टर म्हणाले, खुबा मोडल्यावर या वयात छातीत कफ होतोच. पण अकरा दिवसांत ती गेली ती माझ्या एका शब्दामुळे, आजोबा.

पुढच्या सत्राला मी येणार नाही. सात एप्रिलला हजर झाले तर बुडालेला पेपर देता येईल, नाहीतर नाव काढतील. काढू देत. ती भाषा तोंडात आली की मला स्टुलाचा आवाज ऐकू येतो. हे पत्रसुद्धा प्रत्येक शब्द दोनदा तपासून लिहिते आहे.

माझ्यावर राग धरा, पण अगदीच तोडू नका.

तुमची,
नोएमी


सालामांका,
१९ मार्च १९९७

चि. नोएमी हिस,
आशीर्वाद.

पुन्हा उशीर झाला. या वेळी शाळेचं निमित्त नाही. सहा कागद फाडले, ते शब्द अडले म्हणून नाही.

विसीचं यंत्र शिट्टी मारायला लागलं होतं. त्या सकाळी मी ते दुरुस्तीला नेलं, रुमालात गुंडाळून कोटाच्या खिशात. दुकान अजून उघडलं नव्हतं. तेवढ्यात पत्त्यांचा एक डाव, म्हणून कोपऱ्यावर बसलो. एकाचे तीन झाले. दुकान कधी उघडलं ते मी पाहिलंच नाही. शेजारीण धावत बोलवायला आली तेव्हा यंत्र माझ्या खिशातच होतं.

तू 'वोय' म्हणालीस काय, 'मे वोय' म्हणालीस काय, तिला काहीच ऐकू गेलं नाही. जेवून जा, असं आलं नाही ते म्हणून.

संध्याकाळी इस्पितळात मी ते यंत्र तिच्या कानात बसवलं. म्हणाली, दोन हाका मारल्या, उत्तर नाही, वाटलं पोरगी गेली असेल. पडल्यावर बघते तर ती धावत येतेय. माझ्यापायी पोरीचा पेपर बुडाला, पुन्हा देता येतो का तेवढं विचारून ये. मग थोड्या वेळाने मला विचारलं, डाव तरी जिंकलास का. त्यावर ती पुन्हा कधी बोलली नाही.

म्हणजे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दफनाच्या वेळी तू माझ्या खांद्यावर रडलीस तेव्हाही. मी पाठीवरून हात फिरवला आणि गप्प राहिलो. नंतर तुझं पत्र आलं. ते वाचून मला, लिहायला लाज वाटते पोरी, हायसं वाटलं. दोष उचलायला दुसरं कोणीतरी मिळालं होतं. ते हायसं वाटणं मी पाच आठवडे पुरवून खाल्लं. काल तुझ्या खोलीची खिडकी पुसायला गेलो. फटीतला कापूस तू तसाच ठेवला आहेस. मग कागद घेतला.

माझ्याकडे राहा असं म्हणायला मला तोंड नाही. चर्चमागे सिस्टरांचं वसतिगृह आहे, तिथे खोली विचारून ठेवली आहे. गरम पाणी असतं आणि जिना नाही. पण पेपर दे. तेवढंच ती मागत होती.

तुझ्या मायेवर माझा हक्क उरलेला नाही, तरी मागतो. सात तारखेच्या आत कळव. लांब लिहू नकोस, एकच शब्द पुरे. वोय की मे वोय, ते मात्र नीट बघून लिही. चूक हसण्यावारी नेणारं आता इथे कोणी नाही.

वाट पाहतो आहे, उत्तर लवकर धाड.

एउतिमिओ