बांधावरचा कडू भोपळा

शिरूर कासार,
२ फेब्रुवारी २०२५, सकाळ

बबनतात्या,

सप्रेम म्हणवत नाही, अन् शिरसाष्टांग घालणाऱ्यातला मी नाही. नुसता नमस्कार घ्या. आई-बाबा अजून कर्नाटकात उसतोडीवर आहेत, बरे आहेत. तुमचा कांदा निघाला असेल.

थंडीनं वेलाची पानं गळाली, त्या दिवशी माझं सगळं बदललं. तोवर तो भोपळा झाकलेला होता.

समोर बोललो की माझं डोकं सटकतं, म्हणून लिहून आणतोय. हा कागद मीच तुमच्या हातात देणार.

काल तुमचा पुतण्या सुग्रीव पोरं घेऊन माझ्या खोलीवर आला. "काय बे कलाकार, कॉलेज सोडून भोपळे वाजवतो अन् आमच्या घरचं नाव कोरतो? फोड त्यो भोपळा, न्हाई तर तुझं हात फोडीन." मी म्हणालो, "लावून तर बघ हात." कोरायची पटाशी होती माझ्या हातात. शेजारच्या चंद्रभागाबाई मधे पडल्या. "आरं मुडद्यांनो, भोपळ्यापायी जीव घेता का येकमेकांचा?" म्हणून निभावलं.

तुम्ही गावभर विचारताय, त्यानं कावून केलं असं? ऐका मग. कडू भोपळ्याला कीड लागत नाही, म्हणून एकतारी त्याची करतात. मी त्याच्या पोटात दिवा बसवतो. तार छेडली की दिवा लवलवतो अन् सालीतल्या बारीक भोकांतून उजेडाची नक्षी भिंतीवर नाचते. पुण्याला प्रदर्शनात बोलावलंय मला, याच महिन्यात. हा भोपळा मधोमध ठेवणार होतो.

बी आमच्या बांधावर लावलं, वेल तुमच्या रस्त्याकडच्या तारेच्या कुंपणावर गेला. भाद्रपदात भोपळा मुठीएवढा होता, तेव्हा कंपासच्या टोकानं तुमच्या लेकीचं नाव कोरलं. मुंगीएवढी अक्षरं. कोवळ्या सालीवरचा ओरखडा भोपळ्याबरोबर वाढतो, हे मला ठाऊक होतं. अक्षरं लई मोठी झाली. पानं गळाल्यावर जाणाऱ्या-येणाऱ्यानं वाचली, फोटो काढले.

आधीच तोडता आला असता. पण देठ वाळायच्या आत तोडला तर भोपळा सडतो. मी देठ वाळायची वाट बघत बसलो अन् वाळल्यावरच तोडून खोलीवर आणला.

तुम्ही तिचं कॉलेज बंद केलंत, फोन काढून घेतलात, आज तिला बघायला पाहुणे बोलावलेत. "त्या दोघांचं लफडं" म्हणताय. माझं प्रेम आहे तिच्यावर, तात्या. बांधावर उभा राहून ओरडून सांगेन, मारायचं तर मारा. पण 'दोघांचं' म्हणू नका.

का म्हणू नका, ते लिहायला एवढा कागद भरला.

फोटो फिरले त्याच्या दुसऱ्या दिवशी ती स्टँडवर माझ्यासमोर आली. मैत्रीण होती सोबत, आरोही, तिला विचारा. म्हणाली, "माझं नाव कोरायच्या आधी मला इचारलंस का?"

मी म्हणालो, "तुझ्यासाठीच केलंय."

"मला न्हाई पाहिजे. नर्सिंगचं एक वरीस राहिलंय, ते पाहिजे मला." अन् बसमध्ये चढली.

एवढंच बोलणं आमचं. शाळेत असताना एकदा माझं तुणतुणं ऐकून हसली होती. त्या हसण्यावर पुढचं सगळं मी एकट्यानं रचलं. तिचा होकार कधी नव्हताच.

हा कागद पारावर वाचून दाखवा. सुग्रीवलाच वाचायला लावा, आवाज मोठा आहे त्याचा. गाव मला हसेल, हसू द्या. फक्त पाहुण्यांना चहा पाजून वाटेला लावा अन् उद्याच्या बसला तिला बसवा.

तिचं नाव या कागदावर कुठंच नाही. एकदा लिहिलं तेवढं बास.

भोपळा फोडला नाही, सुग्रीवच्या धाकानं तर मुळीच नाही. पहाटे उठून नावापुरता तुकडा करवतीनं कापला अन् चुलीत घातला. पोटाला एवढं भगदाड पडलंय की आता तो तारेचा ताण धरणार नाही. पुण्याचं काय करायचं, मला माहीत नाही. उरलेला भोपळा काखेत घेऊन येतोय, तुमच्या डोळ्यांनी बघा.

पाहुणे यायच्या आत पोचतो. पटाशी घरातच ठेवलीय. चंद्रभागाबाई बाहेरून विचारतायत, "कुठं निघाला रं, तोंड धुतलं का?" त्यांना काही सांगत नाही. दार ओढून घेतो.

तुमचा म्हणत नाही. तिचा तर नाहीच.

सत्यम